तिसरा दात

विलेनहॉल हे इंग्लंडमधलं कुलूप करणाऱ्यांचं गाव. तिथल्या माणसाला चोराचा राग येत नाही, ढिल्या कुलपाचा येतो. चोर आपला धंदा करतो. पण ढिलं कुलूप विकणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आणि या बाबतीत सगळ्या गावात खाष्ट माणूस म्हणजे आयझॅया टिमिन्स. लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसवर आयुष्यभर वाकून त्याच्या उजव्या खांद्याला कुबड आलं होतं, आणि ते तो एखाद्या पदकासारखं मिरवायचा.

त्याच्या कारखान्यात कारागीर म्हणून कायमची जागा हवी असेल, तर वाट एकच होती. आपल्या हाताने एक कुलूप करायचं. शनिवारी सकाळी म्हाताऱ्याचा हातोडा भिंतीतल्या कपाटात ठेवून त्याला ते कुलूप लावायचं, आणि म्हाताऱ्याने ते किल्लीशिवाय उघडायला बसायचं. जेवणाच्या भोंग्याआधी उघडलं, तर उमेदवाराने ॲप्रन खुंटीला टांगून चालू लागायचं. नाही उघडलं, तर उमेदवाराने आपल्या किल्लीने कपाट उघडायचं, हातोडा काढायचा आणि ऐरणीवर पहिला घाव घालायचा. मग सगळी गल्ली हाताला येईल ते ठोकून त्याला धंद्यात घ्यायची.

या शनिवारी पाळी होती मर्सी फेरेडेची. बाईची पाळी याआधी कधी आलीच नव्हती.

लढाईवर गडी गेले तेव्हा मर्सी पॅकिंगच्या टेबलावरून उठून आत आली. टिमिन्सने तिला किल्ली दाखवलीसुद्धा नाही. लोखंडाचा ठोकळा हातात दिला आणि म्हणाला, "सपाट कर." ती घासायची, तो त्यावर पट्टी उभी धरून खिडकीकडे बघायचा. "उजेड दिसतोय," म्हणायचा, आणि ठोकळा परत तिच्या पुढ्यात. तळहाताला फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. एक दिवस पट्टीखालून उजेड दिसेना. शाबासकी कसली? म्हातारा म्हणाला, "आता दुसरी बाजू." मग किल्ल्या, मग स्प्रिंगा, मग लिव्हर. शिव्या खात खात बाई शिकली, आणि अशी शिकली की तिच्या कानशीचा आवाज ऐकून लोक ओळखायचे, आत मर्सी आहे.

आता गडी परतले होते. व्हाइस एकच रिकामा होता. तो मिळाला नाही तर पुन्हा पॅकिंग, दुसऱ्यांची कुलपं कागदात गुंडाळत बसायचं.

"मर्सीबाई, टेबल पुसून ठेवलंय हं तुझ्यासाठी," शेजारच्या व्हाइसवरचा बर्ट डफिल रोज तिला डिवचायचा.

"राहू दे पुसलेलं. तुझी कानस बघितली, तर तूच बसशील तिथे."

शुक्रवारी संध्याकाळी कुलूप तयार होतं, फक्त किल्ली राहिली होती. किल्लीचा एकेक दात कुलपातला एकेक लिव्हर, म्हणजे आतली पातळ पट्टी, उचलतो. तो नेमका उचलला गेला की त्याची खाच समोर येते आणि कुलूप उघडतं. मर्सीने दोन दात छान उतरवले. तिसऱ्यावर कानशीचा एक हात जास्त पडला. दात केसभर बुटका झाला, आणि घासलेलं लोखंड काही परत चिकटवता येत नाही.

यावर एक सोपी तोड होती, आणि ती गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तिसऱ्या लिव्हरची खाच केसभर रुंद करायची. मग बिघडलेली किल्लीही मुकाट फिरते. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. फक्त कुलूप त्या जागी ढिलं होतं, आणि तिथे कुणाचीही वाकडी तार चालते.

मर्सीने कानस लिव्हरला टेकवलीसुद्धा. मग तिला स्वतःचीच शिसारी आली. "पॅकिंग परवडलं," ती मोठ्यांदा म्हणाली. तिने किल्ली लोखंडाच्या किसाच्या डब्यात भिरकावली आणि नवं लोखंड व्हाइसमध्ये आवळलं. शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती पुन्हा घासत बसली. अंगणात बुटांचे आवाज यायला लागले तेव्हा कुठे किल्ली लोण्यासारखी फिरली.

हातोडा कपाटात गेला, कुलूप लागलं. म्हातारा स्टूल ओढून बसला, आणि त्याने वाकवलेली तार आत घातली. तार किती खोल गेली यावरून मर्सीला कळलं. पहिल्या दोन लिव्हरांना त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. तो थेट तिसऱ्यावर गेला होता.

तिसऱ्या दाताचं याला कसं कळलं?

तो तिसऱ्यालाच चिकटून राहिला. हलकेच उचल, सोड, पुन्हा उचल. सगळे मागे गर्दी करून उभे होते. शेवटी वैतागून त्याने जरा जोर केला, आणि आत टक्क झालं.

"गेलात, मालक!" बर्ट ओरडला. "चोरखटका पडला!"

तो मर्सीनेच बसवला होता. लिव्हर वाजवीपेक्षा वर ढकलला की खटका पडतो, आणि मग खरी किल्ली आधी उलटी फिरवल्याशिवाय कुलूप कुणालाच दाद देत नाही. म्हाताऱ्याने तार खाली ठेवली. भोंगा व्हायला अजून अवकाश होता, पण तो उठला आणि स्टूल बाजूला सारलं.

मर्सीने किल्ली उलटी फिरवली, मग सुलटी. कपाट उघडलं.

टिमिन्सने जाकिटाच्या खिशातून काहीतरी काढून तिच्यासमोर धरलं. तिची कालची किल्ली होती, बुटक्या तिसऱ्या दाताची.

"काल किसाच्या डब्यात सापडली," तो म्हणाला. "म्हटलं, पोरीने खाच रुंद केली असणार, आणि वर छानशी नवी किल्ली करून आणली असणार. माणसं तेच करतात. म्हणून तिथेच शिरलो."

"मग, मालक?"

"मग काय मग? ढिली जागा असती तर आत नसतो का शिरलो!" तो खेकसला. डोळे मात्र ओले होते, आणि ते लपवायची त्याला शुद्ध नव्हती. "अगं, बघत काय बसलीस? हाण!"

मर्सीने हातोडा उचलला आणि ऐरणीवर असा घाव घातला की काचा थरथरल्या. बर्टने पातेलं बडवलं. पलीकडच्या कारखान्यातून उत्तर आलं, मग त्याच्या पलीकडून, आणि बघता बघता सगळी गल्ली दणाणली. असा दणका तिने पॅकिंगच्या टेबलाशी बसून कितीदा ऐकला होता, नेहमी दुसऱ्याच्या नावाचा. आज तो तिचा होता, आणि तिचा ऊर अभिमानाने भरून आला.

त्या गदारोळात तिला एक बारीक किणकिण ऐकू आली. हातोडा तिच्या हातात होता, त्यामुळे म्हातारा कुबड सावरत रिकाम्या व्हाइसपाशी उभा राहून तिच्या बिघडलेल्या किल्लीनेच तो व्हाइस ठोकत होता.