पन्नालाल शेठजींचं बाभूळबन

मी शिरपूरजवळच्या बनातली बाभूळ बोलतेय. जवळ यायचं तर दोन्ही हात दिसू द्या. पाठीमागे कुऱ्हाड लपवून गोड बोलणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझा जन्म शेळीच्या लेंडीतला. तिनं शेंग खाल्ली, बी तसंच बाहेर पडलं आणि पावसात रुजलं. तेव्हा आम्ही बाभळी लांब लांब उभ्या होतो. मधल्या उन्हात गुडघाभर गवत वाढायचं.

बनाचे मालक पन्नालाल शेठजी. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास त्यांनी कामातून गेलेले बैल इथं आणून पोसायला सुरुवात केली. राखणीला तांड्यावरचा भाऊसिंग ठेवला. शेठजींचा नियम एकच, हिरव्या झाडाला लोखंड लावायचं नाही, झाडातही जीव आहे. शेलूबाजारचा फय्याज सुतार चाकासाठी लाकूड मागायला येई आणि बोलता बोलता माझ्या खोडावर थाप मारून बघे. शेठजी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत. तरी मला त्याचा भरवसा कधी वाटला नाही.

वर्षं गेली. शेळ्या चरत राहिल्या, बाभळी उगवत राहिल्या. फांदीत फांदी अडकली, खाली ऊन उतरेना. गवत विरळ झालं, मग नुसती माती उरली. बैलांच्या फासळ्या दिसू लागल्या.

शेठजींना वाटलं, भाऊसिंग गवत कापून बाजारात विकतो. मलाही तसंच वाटलं. एक दिवस शेठजी पाळतीवर आले आणि माझ्या खोडाआड लपले. त्यांचं धोतर काट्यात अडकलेलं भाऊसिंगनं लांबूनच पाहिलं आणि बैल बनात सोडले.

बैल आले. मान खाली न घालता सगळं बन ओलांडून थेट बांधाकडे गेले. तिथं वादळात एक बाभूळ पडली होती, आणि तेवढ्याच मोकळ्या जागेत हिरवं गवत होतं. म्हातारा चंद्या बैल मात्र तिथवर पोचला नाही. माझ्याखाली आला, माती चाटली आणि बसला. शेठजींनी लोट्यानं त्याच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांवरून खाली गळलं. चंद्या पुन्हा उठला नाही.

शेठजींनी भाऊसिंगला विचारलं, "बांधावर गवत कवापासून हाय?"

"झाड पडलं तवापासून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी म्हनले असते, हा लाकडासाठी बोलून राह्यला."

शेठजींनी फय्याजला बोलावलं. पण 'काप' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. ते झाडापुढे उभे राहून हात जोडत, आणि ज्याला हात जोडले ते झाड फय्याज पाडी. माझ्यासमोर आले तेव्हा त्यांचे हात अर्धे वर आले होते. त्यांची नजर चंद्या बसला होता त्या जागेवर गेली आणि हात खाली आले.

"हिले राहू दे. बैलायले सावली लागते."

पुढच्या पावसाळ्यात गवत माझ्या बुंध्यापर्यंत आलं. बैलांच्या फासळ्या झाकल्या. भाऊसिंग आजही राखणीला आहे. त्याच्यावर मी संशय घेतला होता, याची मला लाज वाटते.

संशय मात्र गेलेला नाही. यंदा माझ्या शेजारी एक कोवळं रोप उगवलंय. माझ्याच शेंगेतलं, माझंच लेकरू. त्याच्या भोवतीचं गवत अजून हिरवं आहे. बैल येतात, चरतात आणि काट्यांमुळे ते रोप तेवढं सोडून जातात. मला झोप येत नाही. भाऊसिंग, ये रे बाबा. ते लहान आहे तोवर उपटून टाक.