नवरा घरी असतानाच्या गोळ्या

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात नवरे हंगामी असतात. बर्फ वितळलं की रशियात बांधकामावर जातात, थंडी पडली की परततात. ते आले की पाहुण्यांसाठीच्या मखमली गाद्या कपाटातून निघतात, चांगले कप निघतात आणि कुठल्यातरी पेटीच्या तळातून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट निघतं. नवरे गेले की सगळं परत जागच्या जागी.

ही गोळी रोज घ्यायची असते, नवरा शेजारी झोपलेला असो नाहीतर मॉस्कोत. तसं पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं. पण तो कागद आमच्याकडे सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या बांधायला जातो. वाचते मी एकटी, कारण मी कॉलेजात शिकलेय आणि मला सगळ्याचीच धास्ती वाटते. कुणाचंही बाळ शिंकलं तरी मी थर्मामीटर शोधते.

झुल्हुमोरताई माझी थोरली जाऊ. तिला तीन मुली. सासूबाईंना नातू हवाय, ताईला चौथं बाळंतपण नकोय. म्हणून शेजारच्या नोझिमाकडून ती गुपचूप गोळ्या आणते. नोझिमाला त्या मानवतात, म्हणजे सगळ्या जगाला मानवतात, एवढाच काय तो सल्ला.

ताईचा नवरा परतल्यावर काही आठवड्यांनी एका दुपारी बायकांची बैठक आमच्याकडे होती. पुलाव संपला, चहा आला. चहा आणणारी ताई पाय ओढत होती.

"काय गं, लंगडतेस का?" मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या हनिफाखालांनी विचारलं.

"काही नाही खाला, अवघडलाय."

"थंडी बाधली. ओल्या अंगणात अनवाणी फिरतात या पोरी."

"कसली थंडी? नजर लागलीय," कोपऱ्यातून कुणी म्हणालं. "नवरा आलाय ना तिचा!"

"नवरा आल्यावर पाय दुखतात होय? माझी तर कंबर दुखते!"

हशा उसळला. तेवढ्यात खालांनी मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करायला सांगितलीसुद्धा. चोळण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. रोगी किंचाळला म्हणजे रोग निघाला, असा त्यांचा हिशेब.

ताईने सलवार वर केली. उजवी पोटरी नेहमीसारखी. डावी सुजून लालसर, तुकतुकीत. मी हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. मी तिच्या कानाशी वाकले.

"ताई, गोळ्या परत सुरू केल्यास?"

तिने माझ्या मांडीला जोरात चिमटा काढला. "आईंसमोर तोंड उघडलंस तर मी मेलेच समज."

मला नेमकी तीच भीती होती. या गोळ्यांनी मोजक्या बायकांच्या पायात रक्ताची गाठ होते. धोका सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त. मध्येच सोडून पुन्हा घेतल्या की ती सुरुवात परत पहिल्यापासून. ताई दर हिवाळ्यात नव्याने सुरुवात करायची. शिवाय तिच्या आईलाही बाळंतपणानंतर अशीच गाठ झाली होती. डॉक्टरने ते विचारलं असतं. नोझिमाने विचारलं नाही.

खालांनी तळवे चरबीत बुडवले.

"खाला, हात लावू नका!"

"बोलली कॉलेजवाली," सासूबाई म्हणाल्या. "मुनिसा, तू पायांचं शिकलीस होय? मला वाटलं भूगोल होता तुझा."

"आई, आत गाठ असेल. चोळलं तर सुटून फुप्फुसात जाईल, धाप लागेल, मग हातात काही राहणार नाही. ताई गोळ्या घेते. भाऊजी आले की, दर वर्षी."

खालांचे चरबीचे हात तसेच हवेत. मग नोझिमाने हळूच आपला पाय मांडीवरच्या रजईखाली ओढून पोटरी दाबून पाहिली. तिच्या शेजारणीनेही. बघता बघता निम्मी बैठक चहाच्या कपात नजर लावून स्वतःच्या पोटऱ्या चाचपत होती, आणि कुणाचा हात कुठे चाललाय ते साऱ्या सासवा टिपत होत्या.

"म्हणून!" सासूबाईंना आता वाचा फुटली. "म्हणून मी नातवाची वाट बघत म्हातारी झाले!"

"वाट नंतर बघा आई. आधी गाडी."

कोबिलभाऊजी अंगणात गाडीच पुसत होते. बायकांचा लोंढा बाहेर आला तसं त्यांना वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं.

इस्पितळात गाठ सापडली. आणखी उशीर केला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य सोडून दिलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. "ही गोळी हिला पुन्हा कधीच नाही," त्या भाऊजींना म्हणाल्या. "पुढे तांबी बसवता येईल. तोवर तुम्ही निरोध वापरा."

"मी?" भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू त्यांनाच बाळंत व्हायला सांगितलंय.

सासूबाईंनी मोहल्ल्यात थंडीच बाधल्याचं सांगितलं. मोहल्ल्यानेही मान डोलावली. निम्म्याजणींना तेच सोयीचं होतं.

मी सूप घेऊन गेले तेव्हा ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी वाटी तिच्या उशाशी ठेवली. शेवटी ती वळली, एक घोट घेतला आणि सुरू झाली: मी घरभेदी, मी तोंडाळ, चार बायकांत तिची अब्रू घालवली, आता आई तिला जन्मभर टोचणार, आणि मला वेगळं सांगता आलं नसतं का, आणि सूपही अळणी आहे.

हे सगळं ती एका दमात बोलली, कुठेही धाप न लागता. मला फार बरं वाटलं.