दोघांच्या नावावरचं मशीन

मशीन बंद पडल्याचं थोरलीने धाकट्याला कळवलंच नव्हतं. तरी तो खांद्याला बॅग अडकवून वर्कशॉपच्या दारात हजर झाला आणि हसत म्हणाला, "काय गं ताई, म्हातारीने मान टाकली म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने. तिने मला फोन करायचा नाही का आता?"

म्हातारी म्हणजे लाकूड कोरायचं मशीन. वडिलांनी ते एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनंच उचलून आणलं होतं. खुर्च्यांच्या पाठी, दारांवरची वेलबुट्टी, जिन्याचे कठडे, सगळं त्यावर व्हायचं. त्याचं लोखंड अजून ठणठणीत होतं. गेला होता तो त्याला हुकूम सोडणारा कंप्युटर. कंपनीच्या माणसाने फोनवरच हात झटकले होते: असलं आता मिळत नाही, नवीन मशीन घ्या. वडिलांच्या मागे वर्कशॉप थोरलीकडे आलं, कारण तिथे राबत होती तीच. मशीन मात्र दोघांच्या नावावर राहिलं. धाकटा नोकरीसाठी परगावी गेला, तो अधूनमधून तोंड दाखवण्यापुरता यायचा. वर्कशॉपमध्ये तर पायही टाकायचा नाही. लाकडाच्या भुश्याने त्याला म्हणे शिंका यायच्या.

आता तोच भुश्यात उताणा पडून मशीनच्या पेटीत डोकं घालून होता.

"हे बघ, बोर्डावरचे हे छोटे डबे फुगलेत," तो म्हणाला. "बोर्ड गेला. पण मशीनचं कार्ड शाबूत आहे. हे कार्ड नव्या कंप्युटरमध्ये बसत नाही, त्याला तसली खाचच नसते. म्हाताऱ्या बाईला म्हातारा नवराच शोधायला हवा."

दुपारपर्यंत तो भंगारवाल्याकडून एका ऑफिसचा टाकून दिलेला, पिवळा पडलेला कंप्युटर घेऊन आला. स्वतःच्या खिशातून. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. लहानपणी ज्याने स्वतःच्या सायकलची चेनसुद्धा दुसऱ्याकडून बसवून घेतली, त्याला एकाएकी एवढा उमाळा कुठून आला?

वडिलांच्या वेळेपासून असलेल्या मिस्त्रींनी रंधा थांबवून हळूच म्हटलं, "ताई, मांजर डोळे मिटून दूध पितं. पण आपले उघडे असतात ना?"

मग तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या डोक्याशीच बसली. तो वायर जोडायचा, ती विचारायची, ही कशाची? तो पडद्यावर आकडा भरायचा, ती विचारायची, हाच का? तो आधी हसून सांगायचा, नंतर वैतागून, पण सांगायचा. मशीन चालवायचा प्रोग्रॅम त्याने कुठूनसा मिळवून आणला होता, त्याचीही तिने सीडी मागितली.

"विश्वास नाही वाटतं माझ्यावर?"

"आहे ना. म्हणून तर मूळ तुझ्याकडेच ठेव म्हणतेय. मला नक्कल चालेल." त्याने ती करून दिली.

दोन-तीन दिवसांच्या खटपटीनंतर म्हातारीने अंग झटकलं. कोरणी खाली आली, फळीवर सरकत गेली आणि मागे स्वच्छ, रेखीव वेल उमटत गेली. मिस्त्रींनी कडेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. थोरलीचे डोळे भरून आले. तिने वळून धाकट्याकडे पाहिलं, तर तो मोबाइलवर फोटो काढत होता. वेलीचे नव्हे. मशीनच्या पाठीमागे वाकून, कंपनीच्या नावाच्या पत्र्यावरची धूळ बोटाने पुसून, त्यावरच्या नंबराचे.

"ते कशाला?"

"असू दे आठवण."

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ 'सहज' आले. डोक्याला टोपी, हातात मोजायची टेप. चहा घेतला, मशीन चालताना पाहिलं. खुर्चीची पाठ हातात घेऊन बघितलीसुद्धा नाही. त्यांनी मशीनची लांबी मोजली, उंची मोजली, आणि निघताना वर्कशॉपच्या दाराची रुंदी मोजली.

ते गेल्यावर थोरलीने दार लावून घेतलं.

"दार कशाला मोजलं त्यांनी? नवीन पडदा लावायचाय का मला?"

धाकट्याने चहाचे कप उचलले. मग म्हणाला, "बंद मशीन भंगारात जातं, ताई. चालू मशीनला गिऱ्हाईक मिळतं. निम्मं माझं आहे ना ते?"

"म्हणजे पहिल्या दिवशीच ठरवून आला होतास."

"नोकरी गेली माझी." तो जमिनीकडे बघत होता. "आईला सांगितलेलं नाही."

हेही खरं असेल का, असा विचार तिच्या मनात आला, आणि आला याची तिला लाजही वाटली. पण ती म्हणाली, "हे गेलं तर मी आणि मिस्त्रींनी काय करायचं? विकायचं नाही. माझी सही मिळणार नाही."

"मग कंप्युटर माझा आहे. मी आणलाय."

त्याने भराभर वायरी काढल्या, कार्ड टेबलावर ठेवलं आणि पिवळा डबा काखेत मारून तो निघून गेला. त्याच्यामागे थोरलीने पेटीतला स्क्रू न् स्क्रू तपासला. कार्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. त्याने ते मागे का ठेवलं? विसरला, की काही बिघडवून ठेवलंय?

समोरच्या छापखान्यात तसलाच एक कंप्युटर कोपऱ्यात रद्दीखाली पडून होता. छापखानेवाले म्हणाले, "न्या की. पण चालला तर मला सांगायचं नाही, मी त्याला मेला समजून चाललोय." मिस्त्रींनी तो उचलून आणला. कार्ड खाचेत बसलं. थोरलीने सीडी घातली आणि धाकट्याच्या डोक्याशी बसून पाहिलेलं एकेक आठवत आकडे भरत गेली. संशयाने माणूस कान देऊन ऐकतो. तिला जवळजवळ सगळं आठवत होतं.

जवळजवळ. बटण दाबताच मशीनचं फळी धरणारं टेबल मागे यायचं ते सुसाट पुढे गेलं, टोकाच्या स्विचवर आदळलं आणि मशीन थांबलं. मग काही केल्या हलेना.

"ही तर उलट्या पावलांची झाली," मिस्त्री म्हणाले.

दोघांनी बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला धाकट्याने उचलला.

"उलटं पळालं," ती म्हणाली.

त्याने कुठल्या कंप्युटरवर, कसं, काही विचारलं नाही. "तिसऱ्या ओळीतल्या आकड्याच्या आधी वजा घाल. आणि टोकाच्या स्विचची वायर काढ. टेबल स्विचवर बसलंय तोवर म्हातारी हलणार नाही. टेबल मागे आलं की वायर परत लाव."

थोरलीने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. मिस्त्री आणि ती एकमेकांकडे बघत राहिले. तो स्विच होता म्हणून टेबल थांबलं होतं. वायर काढली आणि आकडा चुकीचा असला, तर टेबल लोखंडावर जाऊन आपटेल, आतला लांब स्क्रू वाकेल, आणि म्हातारी कायमची जाईल. मला नाही तर तुलाही नाही, असं म्हणायला भावाला फक्त एक वाक्य लागतं.

"ताई?" फोनमधून आवाज आला. "बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवलायस ना?"

"तुला कशाला चौकशी?"

"मीही ठेवला असता."

तिने वजा घातला. वायर काढली. डावा हात लाल बटणावर तयार ठेवून उजव्या हाताने अगदी हलकेच चालू केलं. टेबल एकदा थरथरलं आणि बोटभर मागे आलं. पुन्हा बोटभर.

"आली मागे," ती म्हणाली.

"वायर लाव आधी." ती लावत असताना तो म्हणाला, "त्या टोपीवाल्यांना नाही म्हणून सांगितलं मी. तुझी सही नाही तर मी काय विकणार."

तिने वायरीचा स्क्रू आवळला. मग म्हणाली, "आईला नोकरीचं तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मी सांगतो."

"सांग. आणि सोमवारी ये. खुर्च्यांचं मोठं काम आहे. मला हे एकटीला झेपणार नाही."

तो आला. नाकाला रुमाल बांधून, शिंकत शिंकत मशीनवर उभा राहिला, आणि त्याचा हात चांगला चालतो हे मिस्त्रींनाही कबूल करावं लागलं. जेवायच्या सुट्टीत दोघं बहीणभाऊ एकाच डब्यातलं खातात. पण मशीनच्या पेटीला थोरलीने नवीन कुलूप घेतलंय, आणि धाकटा फोनवर बोलायला बाहेर गेला की ती हातातलं काम तसंच ठेवून खिडकीच्या काचेपाशी जाते.