वारं आलं की गेलं?

डॉक्टर किशोर गायधनींचं नाशकात कुणाशीही वाकडं नव्हतं. कॉलेज रोडला दवाखाना, गंगापूर रोडला बंगला, दोन्हीकडं माणसांची ये-जा. फक्त डॉक्टर महेश आहेर हे नाव कानावर पडलं की त्यांच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. त्यावर त्यांनी स्वतःला सगळ्या गोळ्या देऊन पाहिल्या. गुण नाही.

दोघं एका वर्गातले. मेडिसिनमध्ये किशोर पहिला, महेश काठावर पास. महेश त्यांच्या नोट्स न्यायचा आणि परत द्यायचा तेव्हा पानांवर शेंगदाण्याच्या चटणीचे डाग असायचे. असा हा चटणीवाला पुढं परदेशात जाऊन मेंदूचा डॉक्टर होऊन आला, इथपर्यंत गायधनींनी सोसलं. पण मग त्यानं संशोधन सुरू केलं.

नव्वदच्या सुमाराला लकव्याचा पेशंट आला की डॉक्टर करणार काय? सलाईन लावायचं, गंभीर चेहरा करायचा आणि नातेवाइकांना मालिशवाल्याचा पत्ता द्यायचा. पेशंट तासाभरात आला काय नि चार दिवसांनी आला काय, सगळं एकच. गायधनींचा गंभीर चेहरा तर जिल्ह्यात नावाजलेला. मग मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आलं. अट एवढीच, की ते तीन तासांच्या आत द्यायचं. आणि नाशकात ते मिळायचं फक्त महेशच्या हॉस्पिटलात.

महेश उशिरा आलेल्या पेशंटांच्या घरच्यांना विचारत सुटला, "उशीर का झाला हो?" कुणी म्हणे, आधी पारव्याचं रक्त चोळलं. कुणी म्हणे, मामाची वाट बघितली, मामाला न विचारता नेलं असतं तर जन्मभर बोलला असता. कुणी पेशंटला गोधडीत गुंडाळून खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणखी वारं लागायला नको म्हणून. हे सगळं महेशनं इंग्रजीत लिहिलं आणि ते परदेशात छापून आलं.

"याला संशोधन म्हणतात?" गायधनी जेवताना म्हणाले. "हे आपल्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे!"

"मग त्यानं लिहायचं होतं," त्यांची बायको मोहिनी म्हणाली. "भाजी वाढू?"

पुढं महेशला अनुदान मिळालं, गावोगावचे पेशंट वेळेत आणायला पांढरीशुभ्र अँब्युलन्स मिळाली. पेपरात फोटो आला. बाजारातून नवा बैल आणल्यासारखा महेश तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. गायधनींनी त्याच दिवशी पेपर बदलला. नव्या पेपरात तोच फोटो रंगीत होता.

मग मात्र त्यांनी ठरवलं, आपणही संशोधन करायचं, पेशंट महेशपेक्षा लवकर आणायचे. महेशची गावं हायवेवरची, आपली पेठ तालुक्यातली. डोंगर, घाट, सगळंच त्याच्यापेक्षा अवघड. त्यांनी जुनी ओम्नी घेतली, वर लाल दिवा बसवला आणि कंपाउंडर सावळीरामलाच ड्रायव्हर केलं. राहिला भिंतींवर रंगवायचा मजकूर. महेश गावोगाव वाटायचा त्या पत्रकात 'तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड' अशी लांबण होती. गायधनींना एका ओळीत काम हवं होतं, तेही लोकांच्या भाषेत. त्यांनी लिहिलं, 'अंगात वारं आलं? घरी थांबू नका! लगेच फोन करा, गाडी दारात!'

मोहिनीनं वाचून बघितलं. "अहो, वारं अंगावरून जातं, तो लकवा. अंगात येतं ते देवाचं."

"आलं काय, गेलं काय, वारं ते वारंच. आणि 'गेलं' कसं लिहू? लोक म्हणतील, गेलं ना एकदाचं, मग डॉक्टर कशाला?"

हा मुद्दा त्यांना इतका आवडला, की दिवसभरात त्यांनी तो तीन पेशंटांना ऐकवला.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात पेठच्या भिंती रंगल्या. फोन एकही नाही. आणि नवरात्र बसलं तसा सकाळीच फोन वाजला.

"डागदर सायब? म्या गेणू बोलतोय पेठकडनं. आयच्या अंगात वारं आलंय. भिताडावर लिव्हलंय म्हनून फोन केला."

"कधी आलं?"

"आत्ताच की. ढोल वाजला अन् आलं."

ढोल गायधनींनी सोडून दिला. "हातपाय हलवतायत का?"

"लय जोरात!"

"म्हणजे झटके. बोलतायत?"

"बोलतीय, पन काय कळत नाय."

"वाचा गेली! हलवू नका त्यांना, मी निघालो."

"हालवाया कोन धजतंय, सायब?"

सावळीरामनं घाटात ओम्नी अशी पिटाळली की गायधनी दोनदा टपाला आपटले. तरी खुशीत होते. "महेशची गाडी इतक्या लवकर चढली असती का रे?"

"त्यांच्या गाडीला एसी हाय, सर," सावळीराम म्हणाला.

गेणूच्या दारात मांडव होता, ढोल होता, अख्खं गाव होतं. मधोमध गेणूची आई, झुंबरबाई, केस सोडून घुमत होती. दोन्ही हात, दोन्ही पाय, जीभ, सगळं ठणठणीत. गायधनी बघतच राहिले. कुणीतरी त्यांच्या डाव्या हातात नारळ दिला आणि म्हणालं, "फोन केल्यावर डागदर देवाला भेटाया आला बगा. गुनी मानूस."

एवढ्यात झुंबरबाईची नजर लाल दिव्यावर गेली. ती घुमत घुमत आली आणि ओम्नीच्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसली. "ह्यो रथ माजा!"

"उतरवा त्यांना!" गायधनी ओरडले.

"देवाला उतरवायचं?" गेणूनं कान पकडले. "तुमी उतरवा, सायब. तुमी शिकल्याले."

गायधनींचं डोकं तापलं. गावाचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं एकच तोंड होतं, हसणारं. "सावळीराम, हे जर आहेरला कळलं..." ते म्हणाले. पण 'आहेरला' म्हणता म्हणता 'आयेयला' झालं, आणि हातातला नारळ खाली पडला.

त्यांनी हाताकडं बघितलं. हात त्यांचा होता, पण ऐकत नव्हता. डावा हात, तोंडाची डावी बाजू, जड जीभ. गुठळी मेंदूच्या उजव्या अंगाला. शंकाच नाही. निदान इतकं अचूक होतं, की त्या अवस्थेतही त्यांना क्षणभर अभिमान वाटला.

"मला... मला वायं..." ते म्हणाले आणि खाली बसले.

"डागदरच्याबी अंगात आलं!"

ढोल दुप्पट जोरानं सुरू झाला. कुणी मळवट भरला, कुणी गळ्यात हार घातला. शेजारची लंकाबाई पायांवर पडली. "देवा, माज्या पोराचं लगीन कवा जमंल?"

"हॉ... हॉस्... हस्पि..."

"हस्तात! हस्तात म्हनतोय! अगं बया, हस्त नक्षत्र तर लागलंय की!"

पुढच्या माणसानं म्हशीचं विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात सावळीराम गर्दीतून आत घुसला. "व्हा बाजूला! सर, तुमचं तोंड वाकडं झालंय. अंगात नाय आलं, अंगावरनं गेलंय यांच्या!" हे 'गेलंय' ऐकल्याबरोबर ढोल थांबला. आलं आणि गेलं यातला फरक त्या मांडवात एकाच माणसाला माहीत नव्हता, आणि तो आता खाली बसला होता.

गावानं मिळून त्यांना मागं आडवं केलं. देवी पुढून उतरायला तयार नव्हती, म्हणून ती तशीच पुढं राहिली. आईला एकटी कशी सोडू म्हणून गेणूही मागं चढला. घाटात समोरून आलेल्या जीपा ओम्नीच्या काचेत घुमणारी देवी बघून आपोआप कडेला लागत होत्या. ड्रायव्हर हात जोडत होते. एवढी मोकळी वाट महेशच्या अँब्युलन्सला कधी मिळाली नसेल, हे मागं पडल्या पडल्या गायधनींनी टिपलं.

"गेणू, मोबाइल घे आणि आहेर सरांना लाव," सावळीराम म्हणाला. "इंजेक्शन त्यांच्याकडंच हाय."

गायधनींनी धडक्या हातानं मोबाइल हिसकावला आणि छातीशी धरला. "नाय! नाय नाय!"

"सर, लेट झालं तर हात कायमचा जाईल. तुमीच सांगताय ना लोकांना?"

सांगत होते. पण महेशच्या संशोधनात आपण एक पेशंट? दिल्लीत, परदेशात तो पडद्यावर आपला मेंदू दाखवणार? वाकून विचारणार, 'किशोर, मला ओळखलंस का?' त्यापेक्षा आपला दवाखाना बरा. सलाईन लावतील. गंभीर चेहरा करायला मात्र कुणी असणार नाही. आणि समजा, यातून उठलोच नाही तर?

तर शोकसभा होईल. टेबलावर हार घातलेला फोटो. आणि बोलायला कोण? वर्गमित्र म्हणून महेश. तो नोट्सचं सांगेल, चटणीचंसुद्धा सांगेल. मधेच थांबून तो घोटभर पाणी पिईल. लेकाचा चांगलं बोलेल! सगळं सभागृह डोळे पुसेल, आणि ते महेशकडं बघून. शेवटी तो स्वतःच्याच संशोधनाला गायधनींचं नाव देईल आणि त्याचीही टाळी तोच घेईल.

गायधनींनी मोबाइल गेणूच्या हातात कोंबला. "मयेश! मयेशला! लवकय!"

शहरात शिरताना पेठ नाक्यावर झुंबरबाईच्या अंगातलं वारं उतरलं. आपण नाशकात कशा, तेही कळेना. तिनं चहा मागितला, गेणूला दोन शिव्या घातल्या आणि त्याला घेऊन यष्टीनं परत गेली. ओम्नी महेशच्या दारात पोचली तेव्हा महेश स्वतः स्ट्रेचर धरून उभा होता. स्कॅन झाला, इंजेक्शन गेलं, तेही वेळेत. संध्याकाळी डाव्या हाताची बोटं हलली. महेशनं तोच हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किशोर, लेका, घाबरवलंस रे."

पाणी खरं होतं. याचाच गायधनींना जास्त राग आला. बराच वेळ जुळवाजुळव करून ते पहिलं स्वच्छ वाक्य बोलले, "तुझ्या दाराची पायरी उंच आहे."

पुढच्या वर्षी नाशकातल्या डॉक्टरांच्या सभेत महेशनं आपलं काम मांडलं. पहिल्या रांगेत गायधनी, नवा कोट, शेजारी मोहिनी. पडद्यावर लवकर पोचलेल्या पेशंटांचा तक्ता आला. नावं नव्हती, फक्त गाव, वय आणि लागलेला वेळ. पेठचा पेशंट दुसरा होता.

गायधनी उठले. मोहिनीनं कोट ओढला, तरी उठले.

"हा पहिला कोण?"

"ओझरचे आहेत एक. विमानाच्या कारखान्यात होते."

"मग तो उडतच येणार! ओझरहून सरळ हायवे आहे, महेश. मी घाट उतरून आलोय. घाट धर आणि परत मोज!"

सभागृह हसलं. "अरे, पेशंटची ओळख गुप्त ठेवायची असते," महेश म्हणाला. "आणि घाटात तू मोबाइल सोडेनास, असं सावळीराम सांगत होता. तो वेळ कुणाच्या नावावर टाकू?"

"तुझ्याच नावावर टाक! तुझ्यामुळंच गेला तो. आणि माझं नाव लिही तिथं, मोठ्या अक्षरात. त्या ओझरवाल्याला बोलाव, बघू त्याचा हात किती वर जातो!"

असं म्हणून त्यांनी भर सभेत डावा हात ताठ वर केला. महेशनं पुढची स्लाइड लावली, त्याच्या पुढचीही लावली, तरी हात खाली आला नाही.