पोवळ्याच्या सोबतीला खेकडा

किशनरावांनी मातीचं गाडगं हातभर उंच धरलं आणि काचेच्या पेटीतलंच पाणी बारीक धारेनं परत पेटीत सोडलं. असं सकाळी साठ वेळा, संध्याकाळी साठ वेळा. वाल्मीकनं वहीत लिहून ठेवलं होतं : पाण्यात हवा मिसळली नाही तर जीव गुदमरतात. तांब्यापितळेचं भांडं लावू नये, ते विषासारखं लागतं.

“भाकर गार व्हायलीय,” मनकर्णाबाई चुलीपासूनच म्हणाल्या.

“आलो. खेकडा पोवळ्याला लय खेटून बसलाय. भूक लागली आसंल.”

त्यांनी चुलीकडे तोंड फिरवलं. पेटीचा विषय निघाला की त्या अशाच पाठ फिरवत.

किशनराव सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाचे फिटर होते. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा वाल्मीक मुंबईला प्राणिशास्त्र शिकायला गेला. पुढच्या दिवाळीला येताना त्यानं रेल्वेनं ही पेटी आणली. सोबत समुद्राच्या पाण्याच्या सहा बरण्या, मूठभर जिवंत पोवळं आणि सुपारीएवढा खेकडा. अंधारून आलं की पोवळ्यातून बारीक बारीक फुलं उमलत. आईनं तोंडावर पदर धरून ती पाहिली होती. जाताना त्यानं वडिलांना नीट समजावलं. पाणी आटलं तर काचेवरच्या रेघेपर्यंत गोडंच पाणी घालायचं, मीठ उडून जात नाही. खेकड्याला पोटभर द्यायचं, उपाशी राहिला की तो पोवळं खुडतो.

पौषात ओहोटीच्या वेळी खडकांवर नमुने गोळा करताना लाटेनं वाल्मीकला ओढून नेलं.

किशनराव एकटेच मुंबईला गेले. क्रियाकर्म तिथंच उरकून, त्याची कपड्यांची पेटारी घेऊन परतले. मनकर्णाबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ते पाणी घराभाईर फेका. त्याच पाण्यानं माझं लेकरू नेलं.”

बायकोचा शब्द किशनरावांनी कधी मोडला नव्हता. तेव्हा मोडला. त्या दिवसापासून मनकर्णाबाईंनी पेटीकडे डोळा उचलून पाहिलं नाही.

वैशाख आला. किशनरावांनी पेटीला ओलं पोतं गुंडाळलं, तरी दुपारी पाणी कोमट लागायचं. एके दिवशी जिनिंगमधून भर उन्हात परतताना ते दारातच कोसळले. ऊन लागलं होतं. अंग तापलेलं, शुद्ध जायची आणि यायची.

पाचव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं. पोतं ओलं होतं. पाणी रेघेला टेकलेलं. खेकडा आणि पोवळं यांच्यामध्ये बांबूच्या काड्यांची आडवण घातलेली. आणि गाडगं उंच धरून मनकर्णाबाई पाणी सोडत होत्या. ओठ हलत होते; त्या मोजत होत्या.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“वही वाचली. एकेक अक्षर लावीत लावीत. वाल्याचं अक्षर मला वळखू येतंय.”

“आन् खेकड्याला काय घातलंस?”

“मासळी. शेजारच्या कस्तुराबाईनं दुधना नदीवरून आणून दिली. म्याच चिरली.”

किशनराव त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहत राहिले. त्या माळेपायी या घरात कधी मासळी शिजली नव्हती.

“खेकडा धड हाय,” त्या म्हणाल्या, “पण पोवळं दोन दिस झाले फुललं न्हाई. पांढरं पडलंय. आडवण घालायला मला उशीर झाला का हो? तेनंच खुडलं आसंल का?”

भिंतीला धरून किशनराव उठले. वाकून त्यांनी पाहिलं. नांगीची खूण कुठंच नव्हती. रंग मात्र सगळीकडूनच गेला होता.

“न्हाई. खेकड्यानं काही केलं न्हाई. तू बी न्हाई. ऊनच लय झालं, तेनंच पोवळं मेलं.”

मनकर्णाबाईंनी गाडगं खाली ठेवलं. पौषापासून छातीत अडकलेलं रडू फुटलं, आणि त्या जमिनीवरच बसल्या.

“तेनं संक्रांतीला बलावलं व्हतं मला. आये, समुद्र बघाय ये, म्हणून चिठी आलती. म्याच कळवलं, थंडी लय हाय, उन्हाळ्यात येते.”

किशनराव त्यांच्याजवळ बसले. मग पदरानं तोंड पुसत त्याच म्हणाल्या, “एकटं कशाला ठेवायचं आता खेकड्याला? चला, समुद्रात सोडून येऊ.”

आठ दिवसांनी किशनरावांच्या पायात बळ आलं तेव्हा दोघं गाडीत बसली. मनमाडला गाडी बदलताना हमालानं हात पुढे केला, तर मनकर्णाबाईंनी खेकड्याची बरणी दिली नाही. मुंबईपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच होती.

किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. मनकर्णाबाईंनी वाकून बरणी कलती केली. खेकडा क्षणभर थांबला आणि तिरका तिरका जाऊन फटीत दिसेनासा झाला.

“कुठं झालं ते?” त्यांनी विचारलं.

किशनरावांनी लांबचा एक काळा खडक दाखवला.

मनकर्णाबाई त्या खडकाकडे पाहत उभ्या राहिल्या. पाणी पुन्हा चढू लागलं. पायांवर आलं, घोट्यापर्यंत आलं, लुगड्याचा काठ भिजला. किशनराव त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या मागे सरल्या नाहीत.