पांढरं ते सगळं मीठ नव्हे

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओस्कोप आहे. नावाला घाबरू नका. अकोल्याच्या कचेरीतला शिपाई मला सरळ 'दुडोळ्या' म्हणायचा. चार बारीक पाय आणि वर दोन भिंगं, एवढाच माझा संसार. विमानातून एकाच जमिनीचे दोन फोटो काढायचे, एक जरा अलीकडून, एक जरा पलीकडून. ते शेजारी मांडून माझ्यातून पाहिलं, की कागदावरची टेकडी उभी राहते आणि विहीर खोल जाते. पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून झाड धरायला हात पुढे करतो. मला त्याची फार गंमत वाटे.

माझा जन्म डेहराडूनचा. १९६३ साली मी पेटीत बसून अकोल्याला आलो. तेव्हा पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्याची पाहणी चालली होती. तिथल्या जमिनीच्या पोटातच मीठ आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीवर त्याचा पांढरा पापुद्रा येतो, आणि विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. नकाशे काढायला हरिहर होता, अमरावतीच्या एका वकिलांचा मुलगा. नाले आणि टेकड्या पाहायला तो मला घेई, काम झालं की मऊ फडक्याने पुसून ठेवी. "आमचा दुडोळ्या कधी खोटं दाखवत नाही," असं तो आल्यागेल्याला सांगे, आणि मी फुगून जाई. पांढरे डाग मात्र तो नुसत्या डोळ्यांनी बघायचा आणि पेन्सिलीने 'खार' लिहून मोकळा व्हायचा. सपाट मिठाला माझी काय गरज?

एका दुपारी रामराव आणि आशाबाई हे शेतकरी जोडपं कचेरीत आलं. त्यांच्या खाऱ्या गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि तीच नासली होती. त्यांची धाकटी लेक जयवंता ते पाणी पिऊन अंथरुणाला खिळली होती.

"सायेब, पोरगी घोटभर पानी पेली का ओकून राहिली," आशाबाई म्हणाली. "इतक्या पिढ्या विहीर गोडी होती. आताच काहून नासली?"

"बाई, तुमचा सगळा पट्टाच खारा आहे. आज ना उद्या हे व्हायचंच," हरिहर म्हणाला. त्याने त्यांच्या गावाचा विमानातून घेतलेला फोटो कपाटातून बाहेर काढला. विहिरीच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या वळणावर, एक पांढरा डाग होता आणि त्यावर 'खार' असं लिहिलेलंही होतं. "हे बघा मीठ. तुमच्या विहिरीपर्यंत आलं."

आशाबाईची समजूत पटेना. तेव्हा तिला नीट दाखवावं म्हणून त्याने दोन फोटो मांडले, मला वर ठेवलं आणि जुळणी करायला स्वतः वाकला.

मित्रांनो, तो वाकला तो वाकलेलाच राहिला. माझ्या भिंगांखाली तो पांढरा डाग हळूहळू उठला आणि बाभळींच्या उंचीला जाऊन भिडला. मीही हादरलो! मीठ जमिनीला चिकटून बसतं, ते ढीग होऊन उभं राहत नाही.

"अहो, हे मीठ नाही!" हरिहर ओरडला. "हे कुणीतरी आणून टाकलंय. रामराव, हे वावर कुणाचं?"

रामराव माझ्यावर वाकला. त्याचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा बसला.

"माहं," तो म्हणाला. "पन थे दवाई हाय, सायेब. खारावरची. सूत पांढरं करायच्या कारखान्याचे गाडीवाले टाकून जातात. म्हने, यानं वावरातला खार मरते. पैसाबी घेत नाही."

फुकट ते पौष्टिक, असं लोक हसत म्हणतात. त्या खोलीत कुणी हसलं नाही. कारखान्याचा विषारी गाळ पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून विहिरीत उतरत होता.

आशाबाई रडली नाही. नवऱ्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, "अन् म्या तेच पानी रोज पोरीच्या तोंडाले लावून राहिली."

दुसऱ्याच दिवशी हरिहर गावात गेला. विहिरीवर काटे टाकले, पाणी शेजारच्या गावाहून येऊ लागलं. पंचनामा झाला, गाड्या बंद झाल्या, ढीग उपसला गेला. जयवंता वाचली. त्या विहिरीचं पाणी मात्र पुढे कितीतरी पावसाळे कुणी तोंडाला लावलं नाही.

पाहणी संपली तसा मी कपाटात गेलो. भिंगांवर बुरशी चढली, एक पाय वाकडा झाला. आता म्हणे उपग्रह आकाशातून असले ढीग शोधतात. शोधू देत, त्यांचं भलं होवो. पण माझी एक विनवणी आहे. ढीग दिसेपर्यंत थांबू नका. दारात फुकट आलेल्या गाडीला आधी विचारा, गाडीबाई, हे आलं कुठून?

कारण मला जयवंता आठवते. बरी झाल्यावर रामराव तिला कचेरीत घेऊन आला होता. तिने माझ्यातून तोच जुना फोटो पाहिला आणि सगळ्यांसारखाच हात पुढे केला. तिचं बोट नेमकं त्या ढिगावर टेकलं.

"बाबा, हे पांढरं काय होय?"

रामरावाने मान खाली घातली. "थे म्या टाकू देल्लं, माय."

तिने बोट उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि घाईघाईने परकराला पुसलं.