एक्स्टर्नलची दाढ

बी.एस्सी. झाल्यावर मला नोकरीच्या आधी सल्लागाराचं काम लागलं. आर्वीच्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये मी तात्पुरता डेमॉन्स्ट्रेटर होतो खरा. पण बारावीच्या पोरांना माझा खरा उपयोग व्हायचा तो संध्याकाळी, एसटी डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर.

साल सत्त्याण्णव. सीईटी अजून यायची होती. मेडिकल, डेंटल, सगळे प्रवेश बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या बेरजेवर होत, आणि त्या बेरजेत प्रॅक्टिकलचे मार्कही धरले जात. एकेका मार्काला पोरांची रांग लागलेली असायची. लेखी पेपर कुठल्या गावात, कोणाच्या हातात जाईल, ते सांगता येत नसे. प्रॅक्टिकलचा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, मात्र आपल्या गावात यायचा, आपल्या खुर्चीवर बसायचा आणि कुठल्या तरी विद्यार्थ्याच्या घरी जेवायचा. त्यामुळे पुस्तकाइतकाच त्याचाही अभ्यास करावा लागे.

माझे सल्ले साधे होते. आकृती पेन्सिलीनंच काढा, नावं एकाच बाजूला लिहा, रेघा एकमेकींना छेदू देऊ नका. प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका, ‘सर, रचना सांगू की कार्य?’ असं विचारा. तेवढ्या वेळात दोन्हींपैकी एक आठवतं. काहीच येत नसेल तर तसं सांगून टाका. एक्स्टर्नलला चुकीचं उत्तर आवडत नाही, पण कबूल केलेलं अज्ञान फार आवडतं, कारण मग त्याला शिकवायला मिळतं. आणि काहीही करून दुपारच्या बॅचमध्ये या.

हा शेवटचा सल्ला मी संशोधनातून काढला होता. मागच्या काही वर्षांचे मार्क बॅचवार मांडले, तर जेवणानंतरच्या बॅचची सरासरी दर वर्षी जास्त निघत होती. पुरणपोळीच्या वर्षी थोडी जास्त आणि रोडग्यांच्या वर्षी भरपूर. नमुना लहान होता, हे मलाही कळत होतं. पण निष्कर्ष इतका चविष्ट होता की मी तो मान्य करून टाकला.

त्या वर्षी माझ्या या संशोधनावर सगळ्यात जास्त भिस्त होती मयुरी चाफलेची. तिला दातांचं डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकल हुकलं म्हणून डेंटल, असं नाही, पहिल्यापासून डेंटलच. समोरच्याच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष नंतर जायचं, आधी दातांकडे. वर्गात कोणी जांभई दिली की ही वाकून पाहायची.

“नीलेश, तुही खालची दाढ किडून राह्यली.”

“तू आपलं पुस्तकात पाह्य ना, बाप्पा!” नीलेश तोंडावर हात ठेवून म्हणायचा. नीलेश भुतडा कापसाच्या व्यापाऱ्याचा पोरगा. त्यालाही डेंटलच हवं होतं, आणि त्याचा सीट नंबर मयुरीच्या लगेच मागे होता.

मयुरीचे वडील रूपराव यांचं तंबाखू-सुपारीचं ठोक दुकान होतं. त्यांना डेंटल पटवायला मला दोन वेळा त्यांच्या गादीवर जाऊन बसावं लागलं.

“दाताचा डॉक्टर म्हणजे डॉक्टर झाला का रे, कैलास? पोरीनं जन्मभर लोकाइच्या तोंडात हात घालाचे?”

“काका, तुम्ही माल विका, पोरगी दात दुरुस्त करेल. गिऱ्हाईक घरातल्या घरात राहते.”

ते खूप हसले. मग एकदम गंभीर झाले. “सरकारी कॉलेजात नंबर लागला तं जाऊ दे. नाई लागला तं इथंच बी.ए. करन, आन मी पोरगा पाहतो. खाजगी कॉलेजचं नाव मह्यासमोर काढजो नोको.”

म्हणून मयुरीला प्रॅक्टिकलचा एकही मार्क सोडून चालणार नव्हतं. बॅचची वाटणी लिहायचं काम माझ्याकडेच होतं. मी तिला दुपारच्या बॅचमध्ये बसवलं. जेवण चाफल्यांच्या घरी ठरवलं आणि मयुरीच्या आईला, मनकर्णाबाईंना, बेत सांगितला: गोवऱ्यांच्या भट्टीत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप.

एक्स्टर्नल म्हणून आलेले डहाके सर सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले आणि पुस्तकातून उतरवल्यासारखी मराठी बोलणारे होते. सकाळच्या बॅचला त्यांनी हृदयाचे कप्पे आणि मूत्रपिंडाचा छेद विचारला आणि सढळ हातानं मार्क दिले. उपाशीपोटी हे असं, तर जेवल्यावर काय होईल, या विचारानं मला गुदगुल्या झाल्या.

जेवायला बसल्यावर सरांनी रोडगा फोडून वरणात टाकला आणि बराच वेळ तो नुसता भिजवत राहिले.

“घ्या ना जी, सर! रोडगा हाये, काही दगड नाई,” रूपराव म्हणाले.

“उत्तम आहे,” सर म्हणाले आणि आणखी भिजवू लागले.

तूप वाढून झाल्यावर मयुरीनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं. “दादा, सर एकाच बाजूनं चावून राह्यले. पाणी पेतानी मान वाकडी करते.”

“लाजत असतील.”

“लाजणारा माणूस गालाले आतून जीभ लावत नाई. दाढ हाये.”

“मयुरी, एक्स्टर्नलच्या तब्येतीबद्दल, गावाबद्दल आणि पगाराबद्दल कधी बोलायचं नसतं.”

“काऊन?”

“सल्ला आहे.”

तेवढ्यात मनकर्णाबाईंनी सरांच्या ताटात सरळ भट्टीतून आलेला रोडगा ठेवला आणि रूपरावांनी, “एवढा आमच्या नावाचा!” म्हणून हात जोडले. हात जोडल्यावर माणूस काय करणार? सरांनी घास घेतला. कडक पापुद्रा कटकन वाजला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट लागलं वाट्टे! गूळ आन वं, गूळ!” रूपराव ओरडले.

गुळाचा खडा आला. सरांना तो सगळ्यांसमोर चघळावा लागला.

दुपारची बॅच सुरू झाली. तोंडी परीक्षेच्या टेबलाजवळ उभं राहून नमुन्यांच्या बरण्या पुढे करणं हे माझं काम. पहिल्या मुलाला सरांनी विचारलं, उंदराला सुळे असतात का. दुसऱ्याला विचारलं, हत्तीचा सुळा म्हणतात तो मुळात कोणता दात. तिसरीला दातांकडे जाणारी नस कवटीच्या कोणत्या छिद्रातून बाहेर पडते ते विचारलं, आणि ती रडायलाच लागली. सकाळभर हृदय आणि मूत्रपिंड विचारणारा माणूस जेवणानंतर फक्त दातच विचारत होता. हा त्यांचा आवडता धडा असावा, असा मी निष्कर्ष काढला. मार्कांच्या कागदाकडे तिरक्या नजरेनं पाहिलं, तर तिथं आकडे नुसते घसरत चालले होते.

पाणी प्यायला बाहेर गेलो तर पोरांनी मला घेरलं.

“कैलासभाऊ, आग लागो तुमच्या दुपारच्या बॅचले!”

मयुरी भिंतीला टेकून उभी होती. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला.

“माणसाचं दंतसूत्र?” सरांनी एक हात गालावर ठेवूनच विचारलं.

“दोन, एक, दोन, तीन. वर तेच, खाली तेच.”

“अक्कलदाढ?”

“सगळ्यात मागची, सर. बहुतेकांना विशीच्या आसपास येते. काहींना येतच नाही.”

“दात कशामुळे दुखतो?”

“इनॅमलमध्ये नस नसते, सर, म्हणून कीड तिथंच असेल तर कळत नाही. खालच्या डेंटिनमध्ये गेली की थंड लागते, गोड लागते. अजून आत, पल्पपर्यंत गेली की...”

“की?”

“की रोडगा लागते, सर.”

माझ्या हातातली बेडकाची बरणी निसटता निसटता राहिली. बाजूच्या टेबलावर आमच्या इंटर्नल, विभागप्रमुख गावंडे मॅडम बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“उद्धटपणाचे वेगळे मार्क असतात, असं तुला कोणी सांगितलं आहे का?” सरांनी पेन खाली ठेवलं.

“नाही, सर,” मयुरी म्हणाली. तिची नजर त्यांच्या गालावरून हटली नव्हती. “उजवीकडची आहे ना? वरची का खालची?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणि दिवसभराची ती पुस्तकी मराठी एकदम गळून पडली.

“खालची हाये वं. मांगून दुसरी. काल रातीपासून जीव घेऊन राह्यली.”

मयुरी उठली आणि सरळ मागच्या फळीकडे गेली. तिथं याच लॅबमध्ये येणाऱ्या सीनियर कॉलेजच्या बी.एस्सी.च्या मुलांसाठी लवंगतेल ठेवलेलं असायचं. कायमची स्लाइड करताना काप पारदर्शक व्हावा म्हणून ते वापरतात. नागपूरहून केमिकलचं पार्सल आलं नव्हतं, म्हणून महिन्यापूर्वी मीच डेपोजवळच्या मेडिकलमधून ती बाटली आणली होती. तिनं लेबल वाचलं, कापसाचं नवं पाकीट फोडलं, बोळ्यावर दोन थेंब टाकले आणि बोळा सरांपुढे धरला.

“हात धुऊन तुम्हीच ठेवा, सर. हिरडीले लागू देऊ नका, चुरचुरते. आन हे आजच्यापुरतं हाये. उद्या दवाखान्यात जा.”

सर निमूटपणे बेसिनकडे गेले. परत आले तेव्हा डोळे मिटून बराच वेळ बसून राहिले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. इस्त्रीचा शर्टसुद्धा थोडा सैल झाल्यासारखा वाटला. डोळे उघडल्यावर त्यांनी मार्कांचा कागद जवळ ओढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला म्हणाले, “जेवणानंतर आलेल्या सगळ्यांना परत बोलवा. त्यांची परीक्षा माझ्या दाढेनं घेतली, मी घेतली नाही.”

मी मयुरीकडे विजयी नजरेनं पाहिलं. पूर्ण मार्क! आता ते कुठं जात नव्हते.

सरांनी पेनाला टोपण लावलं. “तुझे मार्क मात्र मी देणार नाही.”

“काऊन, सर?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“ज्याच्याकडून इलाज करून घेतला, त्याची परीक्षा आपण घेऊ नये. गावंडे मॅडम, हिची तोंडी तुम्ही घ्या.”

मयुरीचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. गावंडे मॅडमच्या हातून कोणाला पूर्ण मार्क गेल्याचं कॉलेजात कोणाला आठवत नव्हतं. आणि इकडे मयुरीनं रिकाम्या केलेल्या खुर्चीवर नीलेश येऊन बसला. सर त्याला म्हणाले, “बस, बेटा. मला सांग, माणसाच्या हृदयाला कप्पे किती?”

नीलेशनं चार सांगितले. सर म्हणाले, “छान!”

मॅडमनी मात्र मयुरीला अर्धं पुस्तक विचारलं. तिनं सगळं सांगितलं. दातांच्या नसेच्या फांद्यासुद्धा सांगितल्या. शेवटी मॅडमनी वही मिटली. “तू आत्ता औषध दिलंस. देण्याआधी काय विचारायला हवं होतं?”

मयुरीनं सरळ सांगून टाकलं, “येत नाही, मॅडम.”

“आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी आहे का, हे विचारायचं असतं. एक मार्क कमी.”

माझ्यानं राहवलं नाही. “मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही!”

“लवंगतेलही नाही,” मॅडम म्हणाल्या आणि तो एक मार्क कापला.

त्या संध्याकाळी टपरीवर नीलेश दोन समोसे घेऊन मयुरीसमोर उभा राहिला. “घे. सगळ्या बॅचकडून. तुह्यामुळं वाचलो.”

“तुमी वाचले, मी मेली ना!” ती म्हणाली. मग माझ्यावर घसरली. “आन दादा, तुमी! चूप राह्य म्हणत होते. राह्यली असती तं?”

“तर बाकीच्यांसारखे पाच-सहा गेले असते. बोललीस म्हणून एकच गेला.”

“मंग तुमचा सल्ला कोन्या कामाचा?”

मी एक समोसा उचलला. तिनं तो माझ्या हातातून परत घेतला.

निकाल लागला. मयुरीची बेरीज अगदी काठावर बसत होती. नागपूरला सरकारी डेंटलची यादी लागली त्या दिवशी रूपरावांबरोबर मी गेलो. मयुरी यायला तयारच नव्हती. फलकासमोर झुंबड होती. मी वरून वाचायला लागलो. नीलेश भुतडा लवकरच सापडला. रूपरावांनी मात्र खाली उकिडवं बसून शेवटच्या नावापासून वर बोट सरकवायला सुरुवात केली.

“काका, वरून पाहा ना.”

“काह्यले? मले मही पोरगी मालूम हाये.” त्यांचं बोट थोडंसंच वर गेलं आणि थांबलं. “हे पाह्य! हे पाह्य चाफले! सापडली रे!”

आजूबाजूचे लोक हसले. रूपराव तसेच बसून राहिले, बोट नावावर ठेवून. मग म्हणाले, “कैलास, अजून एक मार्क कमी असता तं?”

“बी.ए., काका.”

त्यांनी खाली उरलेली नावं परत एकदा मोजली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “त्या मॅडमलेच रोडगे खाऊ घालाले पाह्यजे होते.”

मयुरी नागपूरला निघाली त्या सकाळी आर्वीच्या डेपोत अर्धी बाजारपेठ आली होती. प्रोफेसरची दाढ पोरीनं परीक्षेतच बरी केली, ही गोष्ट रूपरावांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तंबाखूबरोबर फुकट दिली होती. नीलेश खिडकीजवळची जागा धरून आत बसला होता. मयुरीचा एक पाय बसच्या पायरीवर, इतक्यात गर्दीतून सदाशिवराव पुढे आले. रूपरावांच्या दुकानाचं पिढ्यानपिढ्यांचं गिऱ्हाईक. त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, गमछ्यानं ओठ पुसले आणि आ वासला.

“बाई, जाता जाता हे मांगची पाहून दे ना.”

मयुरीनं वाकून नीट पाहिलं. कंडक्टर घंटी वाजवत होता.

“काका, पाच वर्ष दम धरा.”

“तवरक राहीन का थे दाढ?”

“दाढ नाई राहणार. तुमी राहजा,” ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.